पाती लावणाऱ्या वहिनी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या कारखान्याच्या मालकीणबाई, व्यासपीठावर बसलेले वखारीचे मालक, कामगार संघटनेचे सरचिटणीस, आपल्या पात्यांना इतकी वर्षं धार लावून देणारे आपले जुने स्नेही, समोर बसलेले मशीन विभागातले, जोडणीतले आणि पॉलिशमधले माझे सहकारी, त्यांच्या घरची मंडळी, आणि आज निवृत्त होणाऱ्या आपल्या सत्कारमूर्ती, ज्यांना त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा वहिनीच म्हणतात, त्या आमच्या वहिनी. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सरचिटणीसांनी मला आधीच बजावलंय. गुणगौरव करायचा, थोडक्यात आटपायचं आणि माइकपासून हातभर लांब उभं राहायचं. मशीनच्या आवाजात आयुष्य काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही, हे त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. मागे बसलेल्यांना ऐकू येतंय का, हे मी विचारत नाही. रस्त्यावरच्या लोकांनाही येत असणार.

मंडळी, मी तयारी करून आलो होतो. वक्तशीर, मनमिळाऊ, कामाला वाघ, असे निरोपाच्या भाषणात शोभणारे सगळे शब्द माझ्याकडे होते. गेल्या आठवड्यात घरी आरशासमोर उभं राहून दोनदा म्हणूनही पाहिले. पण शनिवारी मशीन विभागात जे घडलं, ते पाहिल्यापासून मी सुन्न आहे. रविवारी घरी चहाचा कप हातात धरून बसलो होतो, तो तसाच गार झाला. म्हणून आज सकाळी वहिनींना विचारलं, की झालं ते सगळ्यांसमोर सांगू का? त्या म्हणाल्या, "सांगा. पण भावजी समोर बसलेले असताना सांगा. त्यांच्या पाठीमागे नको."

भावजी समोर आहेत. तिसऱ्या रांगेत, वहिनींच्या लेकीशेजारी. नव्या पाहुण्यांसाठी सांगतो, ते वहिनींचे दीर. वहिनी त्यांना भावजी म्हणतात, म्हणून अख्खा कारखाना भावजी म्हणतो. आम्ही पुरुषही म्हणतो. हसू नका, सवय झाली आहे.

आता पाहुण्यांना वहिनींचं काम काय ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचं रंधा मशीन म्हणजे दोन लोखंडी टेबलं, त्यांच्यामध्ये एक फट आणि त्या फटीत गरगर फिरणारा ड्रम. ड्रमच्या खाचांमध्ये चार लांब पाती बसवलेली असतात. प्रत्येक पात्याला दाबून धरणारी एक पट्टी आणि त्या पट्टीला आवळणारे ओळीने बोल्ट. फळी टेबलावरून पुढे ढकलली की ही पाती तिचं खडबडीत अंग सोलून काढतात. धार गेली की फळीवर लाटा उठतात, मशीन कुरकुरायला लागतं, मग पाती बदलावी लागतात.

जुनी काढली, नवी घातली, एवढंच ना? तसं नाही. चारही पाती एका उंचीला आली पाहिजेत. एक जरी केसभर वर राहिलं, तर सगळं काम ते एकटंच करतं आणि बाकीची तिघं फिरायला आल्यासारखी फिरतात. काही घरांत असं असतं, म्हणा. उंची पाहायची रीत साधी आहे. टेबलावर एक सरळ लाकडी पट्टी ठेवायची, तिचं टोक ड्रमवर येऊ द्यायचं आणि ड्रम हाताने अगदी हळू फिरवायचा. पातं पट्टीला टेकलं की तिला जराशी ओढून नेतं. चारही पात्यांनी, दोन्ही टोकांना, तेवढंच ओढलं पाहिजे. कमी नाही, जास्त नाही. तिथे घाई करणाऱ्याचं कामच नाही.

हे झालं उंचीचं. उंची चुकली तर फार तर फळी बिघडते. बोल्ट चुकला तर काय होतं, ते मी पाहिलं आहे.

तेव्हा त्या मशीनवर दादा होते. दादा म्हणजे वहिनींचे यजमान, भावजींचे थोरले भाऊ. उंच, सडसडीत माणूस. मशीन चालू असताना गाणं म्हणायचे. ऐकू कुणालाच यायचं नाही, नुसते ओठ हलताना दिसायचे. पाती लावायचं काम भावजींचं होतं आणि त्यांचा हात चांगला होता. मी शेजारच्या करवतीवर होतो.

त्या सकाळी पाती बदलायची होती. भावजींनी चारही पाती उंचीला आणली. तीन आवळून झाली. चौथ्याचे बोल्ट बोटांनी फिरवून नुसते टेकवले होते, पाना लावायचा होता. तेवढ्यात फळ्यांची लॉरी आली. दादांनीच दारातून हाक मारली, "ये रे, जरा हात लाव." भावजी गेले. दोघा भावांनी बोलत बोलत लॉरी उतरवली. परत आल्यावर भावजींनी हात पुसले आणि ड्रमवरचं कव्हर बसवलं. दादांनी बटणावर हात ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. भावजींनी मान डोलावली.

मशीनचा आवाज चढत गेला. मग एकच कडाका झाला. मी वळून पाहिलं तेव्हा दादा उभे होते. पुढच्या क्षणी नव्हते. पातं मागच्या दाराच्या चौकटीत रुतलं होतं. याहून जास्त मी सांगणार नाही. त्यांची लेक समोर बसली आहे.

जरा पाणी घेतो.

दादांना घरून नेण्याआधी, अंगणात सगळी माणसं जमलेली असताना, भावजी वहिनींसमोर जाऊन उभे राहिले. कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं. त्या गोंधळात कुणाच्या मनात ते आलंही नव्हतं. ते म्हणाले, "वहिनी, चौथ्या पात्याचे बोल्ट मी आवळले नव्हते." वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

चौकशी झाली, व्हायची ती झाली. भावजींनी तिथेही एक शब्द लपवला नाही. त्यानंतर ते स्टोअरमध्ये गेले आणि मशीन विभागाचा उंबरा त्यांनी ओलांडला नाही. कॅन्टीनला जायचं तर आमच्या दारावरून जवळचा रस्ता आहे. ते अख्ख्या आवाराला वळसा घालून जायचे. घर मात्र एकच होतं. एकाच छपराखाली दीर-भावजय राहत होती आणि वहिनी त्यांच्याशी चकार शब्द बोलत नव्हत्या. त्यांचं ताट लेक नेऊन द्यायची. तिला तेव्हा ते ताट दोन्ही हातांनी धरावं लागे.

मग एक दिवस वहिनी कारखान्यात आल्या. अध्यक्षाबाईंचे वडील तेव्हा मालक होते. त्यांनी वहिनींसाठी गाद्यांच्या शिलाईत जागा ठेवली होती, बसून करायचं काम, सोबतीला बायका. वहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला पाती लावायला शिकायचं आहे. आणि दिरांनी शिकवायचं."

मी तेव्हा केबिनमध्येच होतो. मालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मला विचारलं, "ह्या जे म्हणाल्या, तेच तूही ऐकलंस ना?" मी हो म्हणालो. त्यांनी वहिनींना नाही म्हणून सांगितलं. वहिनी दुसऱ्या दिवशी आल्या, बाहेरच्या बाकावर बसल्या. तिसऱ्या दिवशी आल्या. शेवटी मालक हरले. पण अट घातली, की शिकवणी सुट्टीच्या दिवशी, मशीनची वीज तोडून, आणि कुणीतरी माहितगार माणूस हजर पाहिजे. तो माणूस मी.

कारखान्यात काय काय बोललं गेलं, ते आज उगाळत नाही. इतकंच सांगतो, की लोक म्हणाले, बाई सूड घेते आहे. दिराला दर सुट्टीला त्या मशीनसमोर उभं करून जाळते आहे. तुम्ही विचाराल, की तसं वाटावं असं काही होतं का? तर होतं. त्या शिकवणीत दोघं एकमेकांशी बोलत नसत. वहिनी पाना हातात घेऊन माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "त्यांना विचारा, आधी कुठला?" भावजी दारात, उंबऱ्याच्या पलीकडे उभे. ते मला म्हणायचे, "त्यांना सांगा, मधला. मग एकेक कडेचा. आधी सगळे हलके आवळायचे, मग दुसऱ्या फेरीत जोर लावायचा." दोघांमधलं अंतर चार पावलांचं आणि निरोप्या मी. सगळं दोघांनाही ऐकू येत होतं, तरी मी आपला इकडचं तिकडे सांगत होतो. घरी जाऊन बायकोला म्हणायचो, आज मी बोल्ट सोडून सगळं आवळलं.

पण भावजी शिकवत होते. दादा गेल्यापासून त्या माणसाच्या तोंडून दिवसाकाठी चार शब्द निघत नसत. दारात उभे राहिले की मात्र बोलायचे. खाचेत चिकटलेली लाकडाची राळ रॉकेलने पुसून काढा, नाहीतर दाबायची पट्टी नीट बसत नाही. पाती वजनाला सारखी आहेत का ते तोलून बघा. आवळून झालं की सगळ्यांना बाजूला करून मशीन रिकामं चालवा, थांबवा, वीज तोडा आणि परत आवळा. डोळे मिटून सांगायचे. त्यांना ड्रमकडे बघवत नव्हतं.

वहिनी शिकल्या. त्या कामावर रुजू झाल्या. दादांच्या मशीनवर कुणीतरी उभं राहायला हवं होतं, ते मी राहिलो. म्हणजे तेव्हापासून वहिनींनी लावलेली पाती आणि समोर मी, असं आमचं आयुष्य गेलं. पाती बदलताना विजेचा खटका पाडून त्याला कुलूप लावायचं आणि त्या विजेच्या कुलपाची चावी त्यांच्या खिशात. त्या आवळत असताना मध्ये कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. बोललात तर पाना खाली ठेवायच्या आणि पहिल्या बोल्टपासून पुन्हा सुरुवात करायच्या. एकदा अध्यक्षाबाईंनीच दारातून विचारलं होतं, अजून किती वेळ? मग जेवणाच्या सुट्टीपर्यंत मशीन बंद. बाई हसताहेत, म्हणजे आठवतंय त्यांना.

आणि त्या पहिल्या वर्षात कधीतरी आम्ही एक नवल पाहिलं. वहिनी सकाळी स्टोअरच्या खिडकीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "भावजी, डबा घरी विसरलात." एवढंच. भावजींच्या हातातून खिळ्यांचं खोकं सुटलं. कितीतरी वेळ आम्ही सगळे वाकून खिळे गोळा करत होतो आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. वहिनी बोलल्या कशा, हे कुणालाही कळलं नाही. विचारायची हिंमत कुणाची होती?

ते मला शनिवारी कळलं.

शनिवारी वहिनींच्या हातची शेवटची पाती लावायची होती. आम्ही सगळे मशीनभोवती जमलो होतो. कुणी पुष्पगुच्छ आणला होता, कुणी फोटो काढत होतं. वहिनींनी स्टोअरमध्ये निरोप पाठवला. भावजी आले आणि नेहमीप्रमाणे दारात थांबले. वहिनींनी नवी पाती कागदातून काढून टेबलावर ओळीने ठेवली आणि हात पुसत म्हणाल्या, "भावजी, तुम्हाला एक सांगायचं राहून गेलंय. सगळ्यांसमोर सांगते."

आम्हाला वाटलं, आभार मानणार.

त्यांनी सांगितलं, की पहिल्या वर्षी एकदा लेकीला ताप होता. रात्रभर त्यांना झोप नव्हती, मन घरी अडकलेलं. पाती लावून झाली, कव्हर बसवलं, विजेचं कुलूप उघडलं. सगळ्यांना बाजूला करायला हवं होतं, तेही त्या विसरल्या. मशीनवरचा माणूस आपल्या जागेवर उभा होता. त्यांनी बटणावर हात ठेवला आणि सवयीने दुसरा हात खिशाला लावला. खिशात पाना नव्हता. कव्हरखाली राहिला असेल, म्हणून त्यांनी वीज तोडली आणि कव्हर उघडलं. पाना तिथेच होता, चौथ्या पात्यापाशी. आणि त्या पात्याचे सगळे बोल्ट सैल होते. नुसते बोटांनी टेकवलेले.

मंडळी, त्या दिवशी मशीनवर उभा असलेला माणूस म्हणजे मी.

मला तो दिवस आठवत नाही. वहिनी म्हणाल्या असतील, थांबा जरा. मी थांबलो असेन. इतक्या सकाळींपैकी ती एक सकाळ. मी घरी गेलो असेन, जेवलो असेन, मुलांवर ओरडलो असेन. आणि इतकी वर्षं मला पत्ता नाही. शनिवारी हे ऐकताना माझा हात आपोआप टेबलाच्या कडेकडे गेला.

वहिनींनी माझ्याकडे पाहून हात जोडले. पण बोलत होत्या त्या भावजींशी. त्यांचा आवाज चढला नाही, उतरला नाही. म्हणाल्या, "मला तुमचा राग होता. इतका, की तुमच्या चपला दारात दिसल्या तरी अंगाचा तिळपापड व्हायचा. मला बघायचं होतं, माणूस हे कसं विसरू शकतो. एकेक बोल्ट हातात घेऊन बघायचं होतं. म्हणून शिकायला आले. आणि मग मीच विसरले. माझी काही हुशारी नव्हती भावजी. माझा पाना आत राहिला, तुमचा राहिला नाही. त्या दिवशी घरी गेले आणि तुमचं ताट पहिल्यांदा मी स्वतः नेऊन दिलं."

भावजी म्हणाले, "मला वाटलं, लेक आजारी आहे म्हणून दिलंत."

"सांगितलं असतं तर काम गेलं असतं. लेक लहान होती. पुढे लेक मोठी झाली, मग लाज वाटली. तुम्ही सगळ्या अंगणासमोर सांगितलंत. मला तेवढं जमलं नाही."

लेक तिथेच होती. आईला घरी न्यायला आली होती. तिने एकदा आईकडे पाहिलं, एकदा काकाकडे, आणि भिंतीला टेकून खाली बसली. फोटो काढणाऱ्याने फोन खिशात ठेवला.

मग वहिनींनी पाना भावजींच्या दिशेने धरला. म्हणाल्या, "आजची तुम्ही लावा."

भावजी म्हणाले, "माझ्याने नाही होणार."

"मग मी थांबते," वहिनी म्हणाल्या, आणि पाना टेबलावर ठेवून बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. मशीनकडे पाठ करून.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. भावजींनी उंबरा ओलांडला. त्यांनी ड्रम पुसला. लाकडी पट्टी ठेवून एकेक पातं तिला किती ओढतं ते पाहिलं. काय करायचं ते बोटांना अजून ठाऊक होतं. मधला, मग कडेचे, मग परत मधला. आम्हाला मागे सारून मशीन रिकामं चालवलं, थांबवलं, वीज तोडली, उघडलं, पुन्हा आवळलं. मग पुन्हा एकदा उघडलं. कपाळावरचा घाम ड्रमवर पडला, तो पुसला. शेवटी दारात जाऊन म्हणाले, "वहिनी, लावली."

नेहमीच्या सवयीने मी माझ्या जागेवर उभा राहायला गेलो. वहिनींनी मला दंडाला धरून बाजूला केलं. त्यांनी कव्हर उघडून पाहिलं नाही. एक बोल्टसुद्धा तपासला नाही. जी बाई स्वतःच्या हातावर एका फेरीत कधी विश्वास ठेवत नव्हती, ती फळी उचलून मशीनसमोर उभी राहिली. मी म्हणालो, वहिनी, हे बरोबर नाही, तो माझा मान आहे. त्या म्हणाल्या, "सरका." आणि बटण दाबलं.

फळी आत गेली आणि पलीकडे निघाली. वहिनींनी मशीन बंद केलं आणि फळीवरून तळहात फिरवला. मग भावजींचा हात धरून तोही तिच्यावरून फिरवला. भावजी रडत होते, आणि खरं सांगायचं तर आम्हीही.

असं हे झालं. यानंतर मी तुम्हाला वक्तशीर आणि मनमिळाऊ कुठल्या तोंडाने सांगू? वहिनी, मला तुमचा राग यायला हवा का, हे मी दोन दिवस स्वतःला विचारतो आहे. अजून तरी आलेला नाही. आला तर घरी येऊन सांगेन. चहा ठेवा.

सरचिटणीस घड्याळाकडे बघताहेत. एकच गोष्ट उरली आहे, आणि ती अध्यक्षाबाईंच्या अखत्यारीतली आहे. वहिनींनंतर पाती कोण लावणार, हे अजून ठरलेलं नाही. आज सकाळी कामाचा भोंगा व्हायच्या आधी भावजी माझ्याकडे आले. म्हणाले, विजेच्या कुलपाची चावी आता कुणाकडे जाणार? मी म्हणालो, ठरायचं आहे. ते म्हणाले, "मग मला द्या." बाई, तुमची परवानगी घ्यायला मला वेळ मिळाला नाही, म्हणून इथेच सर्वांदेखत मागतो. तुम्ही काय ठरवाल ते ठरवा. तुम्ही हो म्हणालात, तर भावजींनी लावलेल्या पात्यांवर फळी घालायला मी उभा राहीन. हे मी घरी सांगितलेलं नाही. माझी बायको मागच्या रांगेत बसली आहे, तिला हे आत्ताच कळतंय.

बाई हो म्हणताहेत. बायकोचं मला इथून दिसत नाही.

मला बोलायची संधी दिलीत, इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल अध्यक्षाबाई, पाहुणे आणि आपण सर्व, मी मनापासून आभारी आहे. वहिनींना आणि त्यांच्या लेकीला आमच्या मशीन विभागाकडून शुभेच्छा. बोलण्याच्या भरात सांगू नये ते सांगितलं गेलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर ते माझ्यासारख्या जाड्या आवाजाच्या माणसाचं बोलणं समजून पदरात घ्या. भावजी, तुमची तर मी जास्तच माफी मागतो, सगळ्यांसमोर तुम्हाला दुसऱ्यांदा उभं केलं.

नमस्कार.